शिडीवरचं बिऱ्हाड

भंडाऱ्यात आमच्या गल्लीत घर कुणी पाडत नसे. घर 'सुधारायला काढत'. अमक्यानं घर सुधारायला काढलंय असं कानावर आलं की जाणत्यानं ओळखावं, कुणाची तरी खिडकी बुजणार, नाहीतर कुणाचं तरी बिऱ्हाड उठणार. सत्तरच्या दशकात गल्लीतली झाडून सगळी घरं मातीच्या भिंतींची, सागवानी खांबांची आणि वर कवेलूंची, म्हणजे कौलांची होती. ऐंशीचं दशक सरता सरता एक उरलं नाही. या कामगिरीत माझा वाटा मोठा आहे. नागपूरहून बांधकामाचा डिप्लोमा घेऊन आलेला मी गल्लीतला पहिला, त्यामुळे निम्म्या घरांचे नकाशे माझ्या हातचे. लोक अजून हळहळतात, जुनी घरं काय थंड होती म्हणतात. होती ना थंड. पण त्या घरांत आमच्यासारखी माणसं राहत होती, हे कुणी बोलत नाही.

आमच्या घराच्या जागी आज तीन मजले आहेत आणि खाली ओळीनं गाळे आहेत. तेव्हा खाली पुढच्या बाजूला वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, मागे आम्ही राहत होतो आणि आमच्या खोल्यांवर दोन खोल्यांची माडी होती. माडीला जिना गल्लीतून, बाहेरून. मी सातवीत असताना वडिलांनी ती माडी भाड्यानं दिली. भाडेकरू होती सरकारी दवाखान्यातली नर्स. मूळची करडी गावची, बौद्ध घरातली, पस्तिशीची, एकटी. सगळी गल्ली तिला सिस्टरबाई म्हणे. वडिलांनी तिला जागा का दिली ते त्यांनी जेवताना सांगितलं होतं.

"सरकारी नोकरी हाये, मागं लेकरंबाकरं नाहीत, अन् जिना बाहेरून हाये. आपल्या घरात पाय पडाचा सवालच नाही."

आईनं त्यांना वरण वाढलं.

सिस्टरबाई तोंडाची तिखट होती. ताप अंगावर काढलेल्या माणसाला ती भर गल्लीत फैलावर घ्यायची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली. आमच्या घरात मात्र तिला कधी बोलावलं नाही. मला ताप आला की आई मला जिन्यापाशी नेऊन उभी करायची. मग सिस्टरबाई खाली यायची, तिसऱ्या पायरीवर बसायची आणि बॅटरीच्या उजेडात माझा घसा बघायची. माझं लहानपणचं सगळं औषधपाणी त्या तिसऱ्या पायरीवर झालं. इंजेक्शन टोचून झालं की ती मला म्हणायची, "रडून राहिला का बाबू? तुया बापाले टोचाले पाह्यजे होतं." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरावे लागत, म्हणजे उतरवून, फुटके बदलून पुन्हा नीट रचावे लागत. छप्पर एकच होतं, पण वडील दुकानावरचेच कवेलू फेरून घ्यायचे. माडीवरचे नाहीत. त्यांचा हिशोब सरळ होता, गळायला लागलं की बाई आपोआप जाईल. पण बाई पदर खोचून स्वतः छपरावर चढायची आणि एका कुंभाराला मदतीला घेऊन आपले कवेलू आपण फेरायची. गल्लीतले लोक खाली उभे राहून बघायचे. मीही बघायचो. तिला काही ते आवडत नसणार.

मग सुधारणा सुरू झाल्या. आधी दुकानाच्या लाकडी फळ्या गेल्या आणि शटर आलं. वडील सकाळी ते असं दणक्यात वर सारायचे की दोन गल्ल्या जाग्या व्हाव्यात. मग शेणानं सारवलेली जमीन गेली, शहाबादी फरशी आली. आईची कंबर धरली ती त्या फरशीनं, पण फरशी बघायला पाहुणे यायचे, त्यामुळे कंबरेचं कौतुक कुणाला नव्हतं. मग पितळ मागे पडलं आणि स्टीलचे दिवस आले. स्टीलला काचेचं शोकेस लागतं, शोकेसला जागा लागते, आणि जागा अडवून बसला होता तो बाहेरचा जिना. मी नुकताच डिप्लोमा होऊन आलो होतो, लग्न झालं होतं, पहिला मुलगा वर्षाचा होता. काहीतरी करून दाखवायची खाज होतीच. मी नकाशा काढला. नकाशात जिना म्हणजे आठ-दहा समांतर रेघा. खोडरबरानं पुसल्या.

ती ड्यूटीवर गेलेली असताना एका दिवसात जिना पाडला. संध्याकाळी ती भाजीची पिशवी घेऊन आली आणि गल्लीत उभी राहून वर आपल्या दाराकडे बघत राहिली. दार होतं, दाराला तिचं कुलूप होतं, खाली काही नव्हतं.

वडील दुकानातूनच म्हणाले, "सुधारणा चालू हाये, सिस्टरबाई. चार दिवस शिडीनं काम चालवा."

ती माझ्याकडे वळली. "हे तुयं डोकं का रे, बाबू?"

मी म्हटलं, "नवा जिना आतून काढून राहिलो जी. टाइम लागन."

आतून जिना म्हणजे आमच्या घरातून जिना. तो होणार नव्हता हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि बांबूच्या शिडीवर पाय ठेवला.

चार दिवसांचं वर्ष झालं. तिनं नगरपालिकेत अर्ज केला. साहेब पाहणीला आले, चहा प्यायले, शिडी हलवून पाहिली आणि शिडी मजबूत आहे असं लिहून गेले. पन्नाशीकडे झुकलेली बाई पांढरं लुगडं आवरत दिवसातून चार वेळा त्या शिडीनं चढायची-उतरायची. पानठेल्यावरची टोळकी तिच्या चढण्याची वेळ साधून उभी राहायची. एकदा ती घसरली आणि मनगट मोडलं. दीड महिना एका हातानं चढली. वडील म्हणाले, "तिले काय, दवाखाना फुकटच हाये." यावर दुकानातले सगळे हसले. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो, कारण शिडीकडे बघितलं की मला लाज वाटायची आणि हसलं की ती जायची.

पुढची पायरी छपराची होती. कवेलू काढायचे, माडी पाडायची आणि वर स्लॅब टाकायचा. वकिलानं वडिलांना एकच गोष्ट समजावली होती. बाई वर बसली असेल तर छपराला हात लावू नका, पण एकदा छप्परच नाहीसं झालं की भाडेकरू कशाची? ती ड्यूटीवर असताना एक सकाळ पुरली असती. मजूर ठरले होते. तेवढ्यात माझ्या बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि सगळं अडलं.

आमच्याकडे घरात बाई पोटुशी असली की घराला हातोडा लावत नाहीत. खिळासुद्धा ठोकत नाहीत, पाट्याला टाकी लावत नाहीत. पोटातल्या पोराला व्यंग येतं म्हणतात. वडील देवाला फारसे भीत नसत, पण या गोष्टीला भ्यायचे, आणि आईनं तर बजावलंच होतं, "सून मोकळी होईपर्यंत घराचा एक कवेलू हलता कामा नये."

सिस्टरबाईचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. दवाखान्यात बायकांनी ताईत दाखवले की ती ते कापून टाकायची. पण आमचा विश्वास तिला ठाऊक होता. माझी बायको तपासायला दवाखान्यात जायची तेव्हा ती तिच्या पोटावर हात ठेवून हसायची.

"तुयं पोर पोटात हाये तवरी मायं छप्पर सलामत हाये बाई. आरामात येऊ दे त्याले."

पुढचाही बंदोबस्त तिनं करून ठेवला होता. नववा भरत आला की ती करडीहून आपल्या बहिणीला आणणार होती. मग एक ड्यूटीवर गेली तरी दुसरी वर बसून राहणार. हे तिनं माझ्या बायकोला विश्वासानं सांगितलं. बायकोनं मला गंमत म्हणून सांगितलं. मी वडिलांना सांगितलं, आणि गंमत म्हणून सांगितलं नाही.

जेठ महिना उतरणीला लागला होता. पावसाआधी स्लॅब पडायला हवा म्हणून वडिलांची घालमेल चालली होती. रेती, गिट्टी, सिमेंट आणून टाकायला काही बंदी नव्हती, म्हणून त्या दिवशीही चार मजूर गल्लीत गिट्टी वाहत होते. बहीण आठवड्यानं येणार होती. बायकोला अजून पंधरा दिवस होते. पण सकाळी दहाच्या सुमाराला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि अकरा वाजता आई बाहेर येऊन म्हणाली, रिक्षा वगैरे काही नको, डोकं दिसतंय.

सिस्टरबाई रातपाळी करून वर झोपली होती. मी शिडीखाली उभा राहून हाका मारल्या. तिनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता बॅग घेऊन अनवाणीच उतरली. खाली आल्यावर मात्र ती थबकली. तिनं मजुरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"छप्परले हात लावू देऊ नको, बाबू."

मी म्हटलं, "घरात बाई अडली असताना कोण हात लावते जी?"

तिला ते पटलं. आमच्या घराला ती तेरा वर्षं ओळखत होती. आम्ही काय करू शकतो हे तिला माहीत होतं, आणि काय करायला आम्ही भितो हेही माहीत होतं. त्या भीतीवर तिनं भरवसा ठेवला. तिची चूक एवढीच. दुकानातून, मधल्या घरातून ती आत गेली. तेरा वर्षांत पहिल्यांदा ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली होती, आणि सून आत किंचाळत असताना माझ्या आईनं आधी पाण्याचे हंडे उचलून बाजूला ठेवले.

वडिलांनी मला गल्लीत बोलावलं.

"पोर झालं का मंग अडचण कोणती?" ते म्हणाले. "सून मोकळी झाली का बंदी सुटली."

"अन् सोयर, बाबा?"

"मुहूर्त बांधाले लागते. पाडाले कायचं सोयर अन् कायचा मुहूर्त?"

मी म्हटलं, "सिस्टरबाई लगेच वर जाईन."

वडिलांना पाच लेकरं झाली होती. त्यांना सगळं माहीत होतं. "वार पडेपर्यंत ते तिथून उठत नाही. टाकून जाणाऱ्यातली बाई नाही ते. अर्धा घंटा त कुठं गेला नाही."

म्हणजे बाईच्या चांगुलपणाचंही त्यांनी माप घेऊन ठेवलं होतं. आता मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "आढ्याकडून सुरू करा म्हणावं. खालून काढले त वासे घसरतीन." डिप्लोम्याला दिलेली फी वाया गेली नाही.

मजुरांतला एक म्हातारा मागे सरला. "पाप लागन जी शेटजी." वडिलांनी त्याला घरी पाठवलं. बाकीच्या तिघांना शिडी दाखवली आणि म्हणाले, "पोर रडलं का चढा."

मग आम्ही पाचजण भिंतीला कान लावून उभे राहिलो. माझी बायको ओरडत होती आणि मधूनमधून सिस्टरबाईचा आवाज येत होता, दमदाटीचा, दवाखान्यातला. गल्लीत तांबटांची ठोकठोक चालू होती. एका मजुरानं विडी पेटवली. माझी मुलगी रडली तेव्हा तो विडी विझवून चढला.

कवेलू हातोहात उतरवायची पद्धत असते. वडिलांनी हातोहात उतरवू दिले नाहीत. फेका म्हणाले. ते सटासट गल्लीत येऊन फुटत होते.

आत काय झालं ते बायकोनं मला नंतर एकदाच सांगितलं. माडीची जमीन फळ्यांची आणि मातीची होती. वर माणसं नाचायला लागली तशी फळ्यांच्या फटींतून माती पडायला लागली, बाळंतिणीवर, पोरीवर, पाण्यात. नाळ नुकतीच कापली होती, वार पडली नव्हती आणि रक्त वाहत होतं. सिस्टरबाईनं एकदाच वर बघितलं. तिला कळलं. ती उठली असती तर शिडीपर्यंत वीस पावलं होती, आणि तोवर कवेलूंच्या चारच ओळी निघाल्या होत्या. तिनं आईकडे चादर मागितली. आई सुन्न बसून राहिली. मग तिनं आपल्या लुगड्याचा पदर सोडला, डोक्यावरून पुढे घेतला आणि मायलेकींवर ओणवी झाली. एक हात बायकोच्या पोटावर दाबून धरलेला. बायको विचारत होती, वर कोण पाडून राहिलं, त्याइले थांबवा ना कोणी. सिस्टरबाई तिला म्हणाली, "वर नको पाहू. मायाकडं पाह्य." असं पाऊण तास चाललं. शेवटी वार पडली.

ती बाहेर आली तेव्हा अर्धं छप्पर उतरलं होतं. तिच्या केसांत आणि पाठीवर कवेलूची लाल माती होती, पुढून लुगडं रक्तानं भरलं होतं. वडील गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे होते. तिनं वर बघितलं. उघड्या दारातून मागचं आभाळ दिसत होतं. मला वाटलं, शिव्या देईल, गल्ली गोळा करील. मला ते हवंही होतं, फिटंफाट झाली असती.

ती म्हणाली, "पोरगी झाली. रक्त बहुत गेलं. संध्याकाळपर्यंत उठू देजो नको. अन् पुन्हा रक्त गेलं त मले वरतून आवाज—"

ती तिथंच थांबली. मग म्हणाली, "त दवाखान्यात आणजो." आणि अनवाणीच, फुटक्या कवेलूंवरून पाय टाकत गल्लीबाहेर गेली.

तीन वाजता बायकोला पुन्हा रक्त सुरू झालं. आई ओरडली, सिस्टरबाईले बोलाव. मी गल्लीत धावलो आणि वर तोंड करून हाक मारली. उघड्या वाशांवर बसलेल्या मजुरानं खाली वाकून विचारलं, "कोणाले आवाज देऊन राहिले जी?"

रिक्षातून दवाखान्यात नेलं, मी मागे सायकलवर. ती तिथंच होती, बाकावर बसलेली, त्याच लुगड्यात. जाणार तरी कुठं होती? आम्हाला बघून ती उठली आणि बायकोला आत घेऊन गेली. डॉक्टरीणबाई आल्या, सलाइन लागलं, रक्तासाठी पळापळ झाली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आणायला आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. बायको वाचली. सिस्टरबाई तिच्या उशाशी उभी होती. तिनं मला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं. पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि वारा सुटला होता.

"धोका टळला," ती म्हणाली. "आता घरी जा, बाबू. पाणी येऊन राहिलं. मायं सामान उघड्यावर हाये. गादी हाये, पेटीत कागदपत्र हायेत, मायच्या हातची गोधडी हाये. तेवढं झाकून टाक. बाकी मी पाहून घेतो."

मी हो म्हटलं. खरंच झाकायचं म्हणून सायकल हाणत निघालो. घरी पोचलो तेव्हा टपोरे थेंब पडायला लागले होते. मजूर गेले होते. वडील अंगणात सिमेंटच्या पोत्यांपाशी उभे होते. ते मला काही म्हणाले नाहीत, सुनेची चौकशीसुद्धा केली नाही, नुसते पोत्यांकडे बघत होते. शिडी लावलेली होती आणि वर उघड्या दारातून तिच्या गादीचा एक कोपरा दिसत होता. घरात ताडपत्री एकच होती. मी ती आणली, उलगडली आणि सिमेंटवर टाकली. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर गिट्टीची घमेली ठेवली. सिमेंटचं एक पोतंही भिजलं नाही.